बारीक अक्षरं

दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत फवारणीच्या बाटलीवर 'अझॉक्सीस्ट्रोबिन' वाचलं. त्या नावाचा माग काढत पोचलो युरोपातल्या बीचच्या झाडांवर. तिथे मेलेल्या फांद्यांवर एक पांढरीशुभ्र, बुळबुळीत छत्री उगवते: औडेमान्सिएला म्युसिडा. वरचा चिकट थर धुऊन लोक ती खातात. आपल्या फांदीवर ती दुसऱ्या बुरशीला सहसा फिरकू देत नाही.

1960च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातल्या संशोधकांनी तिच्यातून म्युसिडिन वेगळं काढलं. 1977मध्ये जर्मनीत आंके आणि श्टेग्लिश यांना पाइनच्या शंकूंवर वाढणाऱ्या चिमुकल्या छत्रीत स्ट्रोबिल्युरिन ए सापडलं. नंतर कळलं, दोन्ही रेणू एकच. असे रेणू शोधायची रीत ऐकायला सोपी आहे. कवक द्रवात वाढवायचं, अर्क काढायचा, सिलिकाच्या नळीतून सोडून त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग दुसऱ्या बुरशीवर टाकून बघायचा. जो मारतो तो ठेवायचा. बाकीचं टाकून द्यायचं.

मी अडतो ते या 'बाकीच्या'पाशी.

हा रेणू उजेडात लवकर मोडतो. छत्रीला ते चालतं, तिला एक फांदीच तर राखायची असते. आपल्याला एकरच्या एकर राखायचे होते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी उन्हात टिकणारी रूपं घडवली आणि 1996मध्ये अझॉक्सीस्ट्रोबिन बाजारात आलं. दोनच वर्षांत जर्मनीतल्या गव्हावरची भुरी त्याला दाद देईना. तिच्या एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललं होतं. पुढे महाराष्ट्रातल्या द्राक्षांवरच्या डाऊनीतही तोच बदल सापडला.

कुणाच्या कोडमधलं एक फंक्शन उचलायचं आणि त्याच्या अटी तिथेच सोडायच्या, हे आम्ही रोज करतो. त्यामुळे शास्त्रज्ञांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय मामा सरळ विचारतो, "मग काय, बाग डाऊनीला देऊन टाकू?" कर्ज त्याच्या नावावर आहे, माझ्या नाही.

पण मर्यादा नाहीशी झाली नाही, तिची फक्त जागा बदलली. आधी ती रेणूतच होती. आता ती सूचना झाली आहे: हंगामात मोजक्याच फवारण्या, आलटूनपालटून दुसरं औषध. ती पाळायची जबाबदारी, न पाळल्याचा ठपका, दोन्ही मामाकडे. ज्यांनी अट काढली त्यांच्याकडे नफा. ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

त्या दिवशी मामाने बाटली माझ्यापुढे धरली. "तुझ्या मोबाईलने फोटो काढ आणि मोठा करून वाच. मला तर नुसत्या मुंग्या दिसतात."