शेजाऱ्याचें माप

आधार : याकोबाचें पत्र, अध्याय २, वचनें १ ते ९



ह्या शास्त्रभागांत याकोब एका मंडळीचें चित्र आपणांपुढें ठेवितो. उपासनेची वेळ झाली आहे. बोटांत सोन्याची अंगठी व अंगावर उंची वस्त्रें असलेला एक मनुष्य आंत येतो. त्याच वेळीं मळक्या कपड्यांतला एक दरिद्री मनुष्यहि आंत येतो. पहिल्यास मानाची जागा मिळते; दुसऱ्यास उभें राहण्यास, नाहीं तर खालीं पायांपाशीं बसण्यास सांगतात. त्या दोघांचीं अंतःकरणें कोणीं पाहिलीं नाहींत, त्यांची प्रार्थना कोणीं ऐकली नाहीं. अंगठी पाहिली, कपडे पाहिले, आणि निवाडा झाला. ज्यांनीं हा निवाडा केला त्यांच्याच मनांत खोट आहे, असें याकोब निर्भीडपणें सांगतो.

हा शास्त्रभाग नीट समजावा म्हणून आज आपण शेंद्र्याच्या शिवाराकडे पाहूं. ज्या शहरास २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत व आतां छत्रपति संभाजीनगर म्हणतात, त्याच्या पूर्वेस जालन्याच्या रस्त्यावर शेंद्रा आहे. ह्या मुलखांतील लोक पिढ्यान् पिढ्या पावसाकडे डोळे लावून ज्वारी, बाजरी, कापूस व तूर पिकवीत आले. पुढें तेथें औद्योगिक वसाहत झाली. २००१ सालीं स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याची योजना आली, आणि शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारें १०,००० एकरांच्या 'ऑरिक' नांवाच्या औद्योगिक नगराची आंखणी झाली. त्याच्या मुख्य इमारतीचें उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजीं झालें. ह्या योजनेंत जमिनीस एकरीं सुमारें २३ लक्ष रुपये मोबदला मिळाला.

आतां विचार करा. मोबदला कोणास मिळतो? ज्याचें नांव सातबाऱ्यावर असतें त्यास. त्याच शेतांत ज्यानें जन्मभर खुरपणी केली, ज्या बाईनें कापूस वेंचला, ज्यानें बटाईनें नांगर धरिला, त्यांचीं नांवें त्या कागदावर नसतात. त्यांस पैसा तर मिळत नाहींच, उलट होती ती मजुरीहि जाते. शिवाय ज्यांच्या जमिनी आहेत त्यांच्यांतहि भेद पडतो. आंखणीची रेघ बांधाच्या ह्या बाजूनें गेली तर एकजण लक्षाधीश होतो. त्या बाजूनें गेली तर त्याचा सख्खा शेजारी पूर्वींसारखाच पावसाची वाट पाहत राहतो. माती एक, आड एक, घाम एक. परंतु एका घरावर दोन मजले चढतात आणि दुसऱ्यावर पत्राच राहतो.

ही रेघ कोणाच्या शहाणपणामुळें आंखिली गेली काय? कोणाची प्रार्थना अधिक, कोणाचें पाप कमी, म्हणून ती वळली काय? नाहीं. मोजणीदार कोणाचें अंतःकरण पाहून सांखळी टाकीत नाहीं. असें असतां ज्याच्या शेतांतून ती रेघ गेली त्यास आपण दुसऱ्या दिवसापासून 'साहेब' म्हणूं लागतों, आणि ज्याच्या शेताबाहेरून गेली त्यास अरेतुरे करितों. मनुष्य तोच आहे. बदललें तें केवळ आपलें माप. जें माप नकाशावरील एका रेघेनें पालटतें, त्यानें देवाच्या प्रतिमेप्रमाणें उत्पन्न केलेला मनुष्य कसा मोजावा?

ह्या मापानें केवळ माणसेंच नव्हे, तर अख्खीं गांवें मोजिलीं जातात. ऑक्टोबर २०१० मध्यें ह्याच शहरांतील व्यापारी, डॉक्टर व कारखानदार मंडळींनीं एकत्र येऊन एकाच वेळीं १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. त्यांची किंमत सुमारें ६५ कोटि रुपये होती. देशभर त्याची वार्ता झाली, आणि आतां हें शहर मोठें झालें, असें पुष्कळांस वाटलें. मोटार विकत घेणें हा कांहीं अपराध नव्हे, व घेणारांचा न्याय करणें हें आपलें काम नव्हे. परंतु त्या किमतीचा मोठा भाग बँकेच्या कर्जांतून आला होता. मोटार रस्त्यावर दिसते, हप्ता दिसत नाहीं. शेजाऱ्याच्या दारांत आपणांस जें दिसतें तें त्याचें किती व सावकाराचें किती, हें आपणांस ठाऊक नसतें. तरी तेवढ्यावरून आपण त्यास मान देतों किंवा त्याचा हेवा करितों.

बंधुजनहो, ह्या खोट्या मापाचीं दोन टोकें आहेत. एका टोकास तुच्छता आहे, दुसऱ्या टोकास हेवा. श्रीमंतानें गरिबास तुच्छ लेखणें हें पाप आहे, असें आपण सहज कबूल करितों, कारण आपल्या मंडळ्यांत श्रीमंत थोडेच आहेत. परंतु हेवा करणारा त्याच देवतेस नमतो. "माझ्यापाशीं आहे म्हणून मी मोठा," असें तुच्छ लेखणारा म्हणतो. "माझ्यापाशीं नाहीं म्हणून मी लहान," असें हेवा करणारा म्हणतो. दोघांचाहि विश्वास एकच कीं, मनुष्याची किंमत त्याच्या मुठींत असते. प्रभूनें सांगितलें कीं, देव व धन ह्या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळीं होत नाहीं. ती धनाची चाकरी माडीवर बसूनहि होते आणि झोंपडींत बसूनहि होते.

हेवा हा गरिबाचाच रोग आहे, असें कोणीं समजूं नये. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायांत अहाब राजाची गोष्ट आहे. त्यास राज्य होतें, राजवाडा होता. परंतु वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा त्याचा नव्हता. नाबोथानें वडिलोपार्जित वतन देण्याचें नाकारिलें, तेव्हां राजा बिछान्यावर पडला, त्यानें तोंड फिरविलें व अन्न टाकिलें. एका राज्याचा धनी एका मळ्याकरितां उपाशी राहिला! पुढें त्या हेव्यांतून खोटी साक्ष निघाली व एका निर्दोष मनुष्याचा जीव गेला. हेव्याचें पोट धनानें भरत नाहीं, हें ह्यावरून शिकावें.

हेव्यामुळें दुसरीहि एक हानि होते. आपल्यापाशीं असलेल्या वस्तूचें खरें रूप आपणांस दिसेनासें होतें. शहरांत बीबीचा मकबरा आहे. औरंगजेब बादशहाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ सालीं वारली. तिच्या कबरेवर ही इमारत उठविली आहे. तीस सुमारें पावणेसात लक्ष रुपये लागले, असें सांगतात. आग्र्याच्या ताजमहालास कित्येक कोटि लागले म्हणतात. मकबऱ्यांत संगमरवर थोडा, बाकी काळा दगड व त्यावर चुन्याची गिलावा. एवढ्यावरून लोकांनीं त्यास 'गरिबांचा ताज' असें नांव दिलें. सांजेच्या उजेडांत तो घुमट किती सुंदर दिसतो, हें पाहण्याऐवजीं पाहणारा दुसऱ्या घुमटाचा संगमरवर मोजीत बसतो. आपलेंहि असेंच होत नाहीं काय? आपलें घर, आपली भाकर, आपलीं लेंकरें हीं देवाचीं दानें. परंतु आपण त्यांवर 'गरिबांचें' अशी चिठ्ठी लावून ठेवितों, आणि मग त्यांबद्दल उपकार मानण्यास जीभ वळत नाहीं.

तथापि येथें एक सावधगिरी ठेविली पाहिजे. कित्येक धनवान लोक गरिबाच्या प्रत्येक गाऱ्हाण्यास हेवा म्हणतात व त्याचें तोंड बंद करितात. देवाच्या वचनांत असें नाहीं. ज्या याकोबानें हें लिहिलें, त्यानेंच पांचव्या अध्यायांत सांगितलें कीं, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडते, आणि तें ओरडणें प्रभूच्या कानीं जातें. वर सांगितलेल्या मोटारींस सुमारें ७ टक्के व्याजानें कर्ज मिळालें, आणि त्याच मुलखांतील शेतकऱ्यास ट्रॅक्टराकरितां त्याहून पुष्कळ अधिक व्याज भरावें लागलें, ही गोष्ट पत्रकार पी. साईनाथ ह्यांनीं तेव्हां उघडकीस आणिली. असें कां, हें विचारणें हेवा नव्हे, तो न्याय होय. ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती मागणें हेवा नव्हे. हेवा म्हणतो, "त्याचें जावें." न्याय म्हणतो, "माझें मला मिळावें, आणि त्याचें त्यास राहावें." हा भेद उपदेशकांनीं मंडळीस नीट समजावून द्यावा, नाहीं तर आपला उपदेश बलवानाच्या हातांतली काठी होईल.

आतां आपल्या मंडळीविषयीं बोलूं. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवाच्या वेशीबाहेर राहावें लागे. त्यांची सावलीहि नको, त्यांनीं आडावर घागर लावूं नये, असें गांव म्हणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जन्मानें पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी हे चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें औरंगाबादेस सुवार्तेचें काम करीत होते, आणि ह्या भागांतील महार व मांग लोक त्या सुवार्तेनें मंडळींत आले. एका पारशानें त्यांच्या अंगणांत बसून त्यांस बंधु म्हटलें! ज्या लोकांस असें उठवून जवळ बसविलें, त्यांच्या नातवंडांनीं आज कोणास खालीं बसवावें काय? तरी तें घडतें. कोणास नोकरीचें पेन्शन मिळतें, कोणाचें घर सिमेंटाचें झालें, कोणाचा मुलगा कारखान्यांत कायम झाला, तोंच तो रोजंदारीवर जाणाऱ्या बंधूकडे पाहून न पाहिल्यासारखें करितो. महार व मांग हा जुना भेदहि सोयरीक जुळवितांना डोकें वर काढितो. दगडाखालीं चिरडलेल्यानें तोच दगड उचलून आपल्याहून दुबळ्यावर ठेवावा, ह्याहून दुःखाची गोष्ट कोणती?

करिंथ येथील मंडळींतहि हाच दोष शिरला होता. पौलाच्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायांत आपण वाचितों कीं, प्रभुभोजनाकरितां जमल्यावर ज्यांच्यापाशीं होतें ते आधींच जेवून तृप्त होत, आणि ज्यांच्यापाशीं नव्हतें ते भुकेले राहत. पौल त्यांस विचारितो कीं, तुम्ही देवाच्या मंडळीस तुच्छ मानितां काय, आणि ज्यांस कांहीं नाहीं त्यांस लाजवितां काय? बंधुजनहो, एक भाकर व एक प्याला ह्यांचा अर्थ हाच कीं, त्या मेजापाशीं सातबारा विचारीत नाहींत. दोन एकरवाल्यास जेवढा तुकडा, तेवढाच भूमिहीनास. तेथून उठून दाराबाहेर गेल्यावर जर आपण जुनें माप पुन्हां हातीं घेतलें, तर तें भोजन आपण वरवरच घेतलें.

म्हणून कांहीं गोष्टी मंडळीनें ह्याच आठवड्यांत कराव्या. उपासनेंत बसण्यास कोणाकरितां खास जागा राखूं नये. वृद्ध, आजारी व लेंकुरवाळी बाई ह्यांस तेवढी आधीं जागा द्यावी. वर्गणीचे आंकडे नांवानिशीं मोठ्यानें वाचून दाखवूं नयेत. विधवेचीं दोन टोल्यांएवढीं नाणीं प्रभूनें कशी मोजिलीं, तें आठवावें. उपदेशकानें गांवांत आल्यावर पहिला चहा नेहमीं माडीच्या घरीं घेऊं नये. ज्या घरीं दुखणें किंवा उपास आहे तेथें आधीं जावें. दुसऱ्याच्या मांडवाशीं बरोबरी करण्याकरितां कर्ज काढून लग्न करूं नये. ज्यानें साध्या रीतीनें लग्न केलें त्याची पाठ मंडळीनें थोपटावी. प्रेतयात्रेस श्रीमंताच्या दारीं जेवढे पाय चालतात, तेवढेच गरिबाच्या दारीं चालावेत.

आणि ज्याच्या मनांत हेव्याचा काटा रुतला आहे, त्यास एक औषध आहे. ज्या शेजाऱ्याची भरभराट आपणांस खुपते, त्याचें नांव घेऊन रोज देवाजवळ प्रार्थना करावी; त्याच्या लेंकरांकरितां, त्याच्या आरोग्याकरितां मागावें. पहिल्या दिवशीं शब्द घशांत अडकतील. परंतु ज्याच्याकरितां आपण मनापासून आशीर्वाद मागतों, त्याचें वाईट फार दिवस इच्छितां येत नाहीं. ज्यास देवानें पुष्कळ दिलें आहे, त्यानेंहि आपल्या मळक्या कपड्यांतल्या बंधूचें नांव घेऊन प्रार्थना करावी, आणि मग उठून त्याच्या घरीं जावें. कारण ज्याचें नांव देवापुढें घेतलें, त्यास रस्त्यांत न ओळखतां पुढें जाणें कठीण आहे.

लूकाच्या शुभवर्तमानांत श्रीमंत मनुष्य व त्याच्या दारांतला भिकारी ह्यांचा दाखला आहे. गांवांत श्रीमंताचें नांव सर्वांस ठाऊक असतें व भिकाऱ्यास कोणी नांवानें हाक मारीत नाहीं. प्रभूनें मात्र भिकाऱ्याचें नांव सांगितलें, तें लाजार. आणि जांभळीं वस्त्रें नेसणाऱ्याचें नांवच सांगितलें नाहीं. देवाच्या घरची नांवांची वही वेगळी आहे, बंधुजनहो. तींत एकराचा रकाना नाहीं.

जो धनवान असतां आपल्याकरितां दरिद्री झाला, त्या प्रभूची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. तो आपणांस आपला शेजारी त्याच्या मापानें पाहण्यास शिकवो. आमेन.