टपावरची सुपारी

उभा राहा. खुर्ची नंतर. गॅरेजमालक झालास, दोन पोरं हाताखाली आली, म्हणून माझ्यासमोर पाय पसरून बसायची सवय लागली असेल तर ती दाराबाहेर चपलांजवळ ठेवून ये.

काल संध्याकाळी तुझ्या आईला बघायला वाडीत आले होते. गुडघ्याची चौकशी झाली, चहा झाला आणि निघताना गडग्याच्या आत ते धूड दिसलं. निसर्ग वादळात तुझ्या पोफळी जिथं आडव्या झाल्या, नेमकं त्याच तुकड्यावर. पांढरी बोलेरो पिकअप. पांढरी हे आपलं कागदोपत्री. खाऱ्या वाऱ्यानं दारांच्या कडा अशा खाल्ल्यात की बोट लावलं तर पापुद्रा हातात येतो. हौद्यात झावळ्या नि विऱ्या कुजताहेत, त्याखाली परतीच्या पावसाचं पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या. नंबरप्लेटवर घोसाळ्याचा वेल चढलाय. आणि टपावर गोणपाट अंथरून सुपारी वाळत घातलेली! विचारलं तर आई कौतुकानं म्हणते, "ऊन छान लागतं हो बाई तिथं, कोंबड्याही पोचत नाहीत."

आईला काही म्हणायचं नाही मला. तिनं माझ्याकडे नागरिकशास्त्र शिकलेलं नाही. तू शिकलायस. आठवीत, दोनदा.

आता तुझी कहाणी मी सांगते, चुकलं तर थांबव. 3 जून 2020 ला वादळ झालं. श्रीवर्धनात एक घर धड राहिलं नाही, एक वाडी उभी राहिली नाही. पत्र्यांची कामं घेऊन पनवेलकडचा एक कंत्राटदार आला. सप्टेंबरात त्याच्या पिकअपचा गिअरबॉक्स बसला. तू तो उघडलास, क्लचप्लेट बदललीस, बिल झालं बेचाळीस हजार. त्यानं दहा हात­­ावर टेकवले आणि म्हणाला, "आठ दिवसांत नेतो." दोन महिने फोन उचलला, मग उचलेनासा झाला, मग नंबरच बंद. बरोबर? आणि त्या बेचाळीस हजारांचा कागद कुठाय? सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेला हिशोब आणि तोही वाळवीनं खाल्लेला. गाडी आली ती तारीख नाही, किलोमीटरचा आकडा नाही, त्याची सही नाही. शंभर रुपयांचं जॉबकार्डांचं पुस्तक छापून घ्यायला तुला परवडलं नाही. भीड पडली म्हणे. गिऱ्हाइकाकडे सही मागायची भीड पडते आणि पाच वर्षं त्याची गाडी पोसायची पडत नाही?

यावर तुझा युक्तिवाद काय, तर "बाई, जागा माझी, मग गाडीचं काय करायचं ते मीच ठरवणार." शेजारच्या पोराची पेन्सिल वर्षभर तुझ्या दप्तरात राहिली म्हणून ती तुझी होते का, हे मी तुला आठवीत विचारलं होतं. तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत होतास. जमीन तुझी आहे, गाडी तुझी नाही. ताबा आणि मालकी यांत अंतर असतं आणि ते अंतर पाच वर्षांनीही तेवढंच राहतं.

कायदा नवा नाही, 1872 चा आहे, करारांचा. त्यात निक्षेप नावाचं प्रकरण आहे. एकानं दुसऱ्याकडे वस्तू कामासाठी सोपवली की सांभाळणाऱ्यावर काय बंधनं येतात, ते त्यात आहे. कलम 170 तुझ्या बाजूचं आहे. वस्तूवर कष्ट केलेस, कसब वापरलंस, तर मजुरी मिळेपर्यंत ती धरून ठेवायचा हक्क तुला आहे. धरून ठेवायचा. विकायचा नाही. गहाण ठेवून घेणाऱ्याला रीतसर सूचना देऊन माल विकता येतो, त्याचं कलम वेगळं, 176. तू सावकार नाहीस, मिस्त्री आहेस. कलम 151 म्हणतं की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी तिची घे. हौद्यातल्या अळ्या ही तुझी काळजी. आणि 154 म्हणतं, ठरल्याबाहेर वापर केलास तर त्यातून होणारं नुकसान तुझ्या माथी. टपावर सुपारी वाळत घालणं हा वापरच आहे रे, हसू नकोस.

हसू नकोस, कारण पुढचं मला काल तुझ्या हाताखालच्या पोरानंच सांगितलंय. बॅटरी काढलीस. मागची दोन टायरं काढून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या टेम्पोला घातलीस. "पडून खराबच झाली असती बाई." पडून खराब झाली असती तर ते नुकसान होतं. काढून विकलीस तेव्हा त्याचं नाव बदललं. भारतीय न्याय संहितेत कलम 314 बघ, अप्रामाणिक अपहार. विश्वासानं सोपवलेल्या वस्तूचा केलास तर 316. म्हणजे ज्या माणसानं तुला बुडवलं, त्याला तू स्वतःच्या हातानं फिर्यादी करून ठेवलंस. उद्या तो उगवला आणि म्हणाला, "माझी धावती गाडी होती, ह्यानं फोडली," तर तू काय दाखवणार? सिगारेटचं पाकीट?

आणि मुदत. येणं वसूल करायला दावा लावायची मुदत तीन वर्षं, काम पुरं झाल्यापासून. तुझ्या नशिबानं कोरोनात सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मुदतीतून वगळला होता. दीड वर्षाची सवलत फुकट पदरात पडली. घड्याळ मार्च 2022 ला सुरू झालं आणि फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस थांबलं. त्या मुदतीत कधीही त्याच्याकडून "अमुक रक्कम देणं आहे" एवढी एक ओळ सहीनिशी घेतली असतीस, तर तीन वर्षं नव्यानं मोजायला लागली असती. एक ओळ! शुद्धलेखनाला तुला दहा ओळी दिल्या की रडायचास, इथं एकीत काम होतं. आता बत्तीस हजारांवर पाणी सोड. गाडीवरचा ताबा आहे तेवढाच तुझ्या हातात उरलाय, आणि तोही कसा, तर दोन चाकं कमी.

रोज दोनशेप्रमाणे जागेचं भाडं लावणार आहेस, हेही ऐकलं. लाव. कुठल्या करारावर? आधी ठरलं नव्हतं, बोर्ड नव्हता. गाडी अडवून धरलीस ती तुझ्या बिलासाठी, मग तिला उभं करायचं भाडं त्याच्याकडून कसं मागशील? साडेतीन लाखांचा तो हिशोब कुठल्याही वकिलापुढं काढू नकोस, चहा सांडेल त्याचा.

म्हसळ्याचा भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे म्हणे, कागद न बघता. जो कागद बघत नाही, तो उद्या तुला ओळखणारही नाही. 2021 पासून गाड्या मोडीत काढायचे नियम आहेत. सरकारमान्य केंद्रातच गाडी द्यायची, ती मालकानं किंवा त्यानं लेखी अधिकार दिलेल्यानं, मग ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. ते न करता गाडी कापलीस, तर सरकारदरबारी ती जिवंतच राहील आणि तिचा चेसिस नंबर कुठल्या कापलेल्या तुकड्यावर कुठं फिरेल ते तुला कळणार नाही. आणि तो ट्रान्सफरचा कोरा फॉर्म, नुसती सही असलेला, जो तू कपाटात जपून ठेवलायस? त्यावर स्वतःच्या हातानं तारीख घालायचा विचारही करू नकोस. त्याला मराठीत बनावट दस्तऐवज म्हणतात.

सगळ्यात अफाट कल्पना मात्र ही, की अमावस्येच्या रात्री टोचन लावून गाडी जीवनेश्वराच्या रस्त्याला सोडून यायची. रस्त्यावर बेवारस गाडी दहा तास राहिली की पोलीस उचलतात, मोटार वाहन कायद्याचं कलम 127, हे तू कुठूनसं ऐकलंस. खरंय. पण ते सार्वजनिक जागेचं कलम आहे, आणि गाडी सार्वजनिक जागी कुणी नेली हे विचारायला माणसं असतात. अरे, तू राहतोस कुठं? हा श्रीवर्धन तालुका आहे. 1993 च्या सुरुवातीला इथून हाकेच्या अंतरावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला मुंबई बॉम्बस्फोटांनी हादरली. त्या तपासाचा धागा कुठं सापडला माहीत आहे? वरळीला सोडून दिलेल्या एका मारुती व्हॅनमध्ये. नोंदणी कुणाच्या नावावर हे बघितलं आणि पोलीस मेमन कुटुंबाच्या दारात पोचले. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-47. दहीहंडीच्या तोंडावर जिल्हाभर नाकाबंदी. पुढं उघड झालं की बोट ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून निघालेली, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना कोरियन जहाजानं वाचवलं आणि बोट तशीच वाहत आली. घातपात नव्हता, पण त्या दिवशी दांड्यावर एकाही कोळ्याला निवांत जेवता आलं नाही. अशा किनाऱ्यावर तू रात्री बिनचाकाची गाडी सोडून येणार!

आणि 2021 चं ते प्रकरण तर तुझ्यासारख्यासाठीच घडलं असं मला वाटतं. 25 फेब्रुवारीला मुंबईत उद्योगपती अंबानींच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली. गाडी नोंदलेली एकाच्या नावावर, पण होती ठाण्याच्या एका गाडी-सजावटीच्या दुकानदाराकडे. का? तर मूळ मालकानं कामाचे पैसे दिले नाहीत, म्हणून त्यानं गाडी ठेवून घेतली होती. तुझ्याच शब्दांत, "अडकवून ठेवली". गाडी गेल्याची तक्रार त्यानं आधीच विक्रोळीला दिलेली होती. तरी चौकशीचा पहिला फेरा त्याच्यावरच आला आणि 5 मार्चला मुंब्र्याच्या रेतीबंदर खाडीत त्याचा मृतदेह सापडला. त्याच दिवशी गृहमंत्र्यांना विधानसभेत सांगावं लागलं की हा गाडीचा मालक नव्हे. बाकीचं न्यायालय बघेल, मी त्यात बोलणार नाही. मी तुला एवढंच विचारते, त्या माणसाकडे निदान तक्रारीचा कागद होता, तुझ्याकडे काय आहे? पाच वर्षांत पोलीस ठाण्यात एक अर्ज तरी दिलास?

नाही. मान खाली घालून उपयोग नाही. वर बघ.

त्या गाडीवर कर्ज आहे का हे तरी बघितलंस? नोंदणीच्या कागदावर फायनान्सवाल्याचं नाव असतं. असेल तर तेही रांगेत आहेत, आणि खरं तर गाडी उचलून न्यायला तेच सगळ्यात आधी धावतील. पाच वर्षांत एक पत्र टाकलं असतंस, तर आज त्या तुकड्यावर पोफळीची रोपं छातीला लागली असती. आता ऐक. परिवहनच्या मोबाइल ॲपवर नंबर घाल. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसेल. एमएच 46 म्हणजे पनवेल आरटीओ, आपलं पेण नव्हे, तिथं लेखी अर्ज करून पत्ता माग. चेसिस नंबर गंजलाय, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घास, ठसा येईल, लहानपणी नाण्याचा काढायचास तसा. गाडीचे चारी बाजूंनी फोटो, दोन शेजारी साक्षीला, आणि पंचनाम्यात टायरं कुणी काढली तेही लिही. हो, तेही. टायरं परत आण, नाहीतर तसलीच दुसरी लाव. मग मालकाला आणि फायनान्सवाल्याला नोटीस, तीस दिवसांची. रजिस्टर पोस्टानं पाठवा म्हणायची सवय आहे मला, पण 1 सप्टेंबर 2025 पासून टपाल खात्यानं ते स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, असो, पोचपावती घे म्हणजे झालं. "पत्ता सापडला नाही" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर फाडू नकोस, बंदच ठेव, तोच तुझा पुरावा.

त्याची एक प्रत श्रीवर्धन पोलीस ठाण्यात अर्जासोबत द्यायची, आवक शिक्का मारून घ्यायचा. गाडी चोरीची आहे का ते ते बघतील. बेवारस मालाचा ताबा घ्यायचं महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम 82 आहे. त्यांनी जागा नाही म्हणून हात वर केले, तर वकील गाठ, दिवाणी न्यायालयात जा आणि गाडी हलवायचा, विकायचा आदेश माग. वेळ लागेल. पाच वर्षं लावलीस तेव्हा घाई नव्हती.

आज घरी गेल्यावर पहिलं काम, टपावरची सुपारी उतरव. आईला माझं नाव सांग. हौद्यातलं पाणी काढ, डेंगीची साथ आहे. आता बस त्या खुर्चीवर. हा कागद, हे पेन. वर उजवीकडे तारीख. डावीकडे "प्रति, मा. पोलीस निरीक्षक, श्रीवर्धन". विषय, "माझ्या खासगी जागेत पाच वर्षांपासून उभ्या असलेल्या वाहनाबाबत". बेवारस लिहू नकोस अजून, मालक आहे त्याला, फक्त येत नाही. खाली, "सविनय विनंती की". थांब. विनंतीची पहिली वेलांटी कुठली? खोड. परत लिही.