काट्यामागचा हिशेब

प्रत्यक्ष मोठं की अनुमान, हा वाद आपल्याकडे फार जुना. चार्वाकाने अनुमानाला दाराबाहेरच उभं केलं, नैयायिकांनी त्याला प्रमाणांच्या पंगतीत बसवलं. मी हे पोथीत उशिरा वाचलं. त्याआधी हा वाद मला तारापूरच्या अणुवीज केंद्रात, नोकरीत भेटला होता.

तारापूरची पहिली दोन युनिटं जनरल इलेक्ट्रिकची, १९६९ साली सुरू झालेली. त्यांत पाणी अणुभट्टीच्या गाभ्यातच उकळतं, आणि गणिताची पंचाईत तिथेच होते. पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं म्हणून विखंडन चालतं. वाफेचे बुडबुडे वाढले की विखंडन मंदावतं. ते मंदावलं की बुडबुडे घटतात. शक्ती ठरवायला बुडबुडे हवेत आणि बुडबुडे ठरवायला शक्ती. तर्कशास्त्र याला अन्योन्याश्रय म्हणतं आणि दोषांत मोजतं. संगणकाचं मात्र त्यावरच पोट. एक अंदाज धरायचा, त्यावरून दुसरा काढायचा, त्यावरून पहिला सुधारायचा, आकडे हलायचे थांबेपर्यंत. गाभ्यात इंधनाची २८४ बंडलं. कोणतं कुठे ठेवायचं, कोणती नियंत्रक सळी किती ओढायची, हे अशा हिशेबातून ठरतं आणि मग चालत्या भट्टीशी ताडून पाहिलं जातं.

निवृत्तीनंतर गावी, कड्याला परतलो, तेव्हा आमच्या महाराजांनी कीर्तन आटोपल्यावर विचारलं, ‘नाना, कम्प्युटर एक बोलला आन् काटा दुसरंच दाखवाया लागला, तर काटाच खरा ना?’

‘महाराज, काट्याच्या मागंबी हिशेबच असतो.’

त्यांना ते पटलं नाही. पण खरं तेच आहे. चालत्या भट्टीत बंडलाची शक्ती थेट कुणी मोजत नाही. चार बंडलांच्या मधल्या फटीत शोधक असतो, तो तेवढ्या जागेपुरता न्यूट्रॉनांचा प्रवाह सांगतो. त्यावरून कोणत्या बंडलात किती शक्ती, हे पुन्हा संगणकच काढतो. शिवाय शोधकातलं युरेनियम जळत जातं. दुसरा फिरता शोधक नळीतून खालीवर नेऊन पहिल्याचं वाचन जुळवून घ्यावं लागतं. गावातही तसंच, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पडला तो पाऊस मोजलेला, माझ्या वावरात पडला तो मानलेला. कागदावर दोन्ही एकच.

मीमांसक म्हणतो, ज्ञान स्वतःच प्रमाण. बाध येईपर्यंत ते खरं धरा. नैयायिक म्हणतो, बाहेरून तपासा, त्यावरून केलेली कृती फळली की खरं. त्यावर मीमांसकाचा सवाल, तपासणाऱ्याला कोण तपासणार? माझं मत असं, की पाळीवर असताना माणसाला मीमांसक व्हावंच लागतं. प्रत्येक आकड्यावर शंका काढत बसलं तर काम चालणार नाही. भट्टी थांबली की मात्र नैयायिक व्हावं.

तेव्हा साक्षीदारही निराळा मिळतो. पाण्याच्या तळ्यात काढून ठेवलेल्या बंडलात बेरियम-१४० असतं, अर्धायुष्य तेराएक दिवसांचं. ते लँथॅनममध्ये बदलतं, आणि त्या लँथॅनमचे गॅमा किरण मोजले की शेवटच्या काही आठवड्यांत ते बंडल किती तापलं होतं ते कळतं. या साक्षीदाराच्या कानावर आधीचा हिशेब गेलेला नसतो, म्हणून मला त्याचं मोल जास्त. यंत्र त्यालाही लागतंच, पण निदान ते यंत्र वेगळं.

हिशेबाची परीक्षा आणखी एका तऱ्हेने होते. अमेरिकेतल्या पीच बॉटम अणुवीज केंद्रात एप्रिल १९७७ मध्ये मुद्दाम टर्बाइनची झडप बंद करून पाहिली. दाबाच्या लाटेने बुडबुडे दबले आणि सेकंदाच्या आत शक्ती उसळून पुन्हा खाली आली. त्या नोंदींशी पुढे कितीतरी देशांनी आपापल्या संगणक-प्रणाली ताडल्या. बहुतेकांच्या जुळल्याही. काम मोलाचं, यात शंका नाही. पण उत्तर समोर असताना जुळलेल्या हिशेबाला मी निम्मेच मार्क देतो. शहाणा माणूससुद्धा नकळत उत्तराकडे सरकतो.

म्हणून नवं इंधन भरलं, की पहिली सळी हलण्याआधी, किती सळ्या ओढल्यावर भट्टी क्रिटिकल होईल, म्हणजे विखंडन आपलं आपण टिकेल, तो आकडा आम्ही कागदावर लिहायचो आणि खाली सही करायचो.