पंचाचा शांतपणा

२२ एप्रिल २०२२, वानखेडे स्टेडियम. आयपीएलच्या सामन्यात दिल्लीला शेवटच्या षटकात ३६ धावा हव्या होत्या. रोव्हमन पॉवेलने पहिले तिन्ही चेंडू सीमेपार भिरकावले. तिसरा फुलटॉस कमरेच्या वर होता, असं दिल्लीचं म्हणणं. पंचांनी नो-बॉल दिला नाही. मग दिल्लीचे सहायक प्रशिक्षक प्रवीण आमरे थेट मैदानात उतरले. पंचांनी त्यांना परत पाठवलं आणि खेळ पुढे सुरू केला.

आमरेंना एका सामन्याची बंदी आणि पूर्ण मानधनाचा दंड झाला. पण खरा प्रश्न शिक्षेचा नाहीच. निर्णय चुकला असेल, तर पंच शांत राहतो कशाच्या बळावर?

पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे निवाडा देताना राघोबादादांसमोर ठाम उभे राहिले, कारण सत्य आपल्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊक होतं. पंचाला ती खात्री नसते. डोळ्यांनी क्षणभर पाहायचं, लगेच सांगायचं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या स्थितप्रज्ञासारखा तो निंदेने डळमळत नाही. पण आपण चुकू शकतो हे मान्य करूनच त्याला स्थिर राहावं लागतं. ही स्थिरता मला अधिक अवघड वाटते.

२०२३च्या आयपीएलपासून नो-बॉलवरही दाद मागता येऊ लागली. बदलापूर गावातल्या कबड्डीच्या मैदानावर मात्र कॅमेरा नसतो. चढाईपटू रेषेला शिवला की नाही यावरून प्रशिक्षक ओरडत येतो, पंच खिशातून ताकिदीचं हिरवं कार्ड काढतो आणि नजर पुन्हा त्या चुन्याच्या रेषेवर नेतो.