खेळातील जोड

देवळाच्या पटांगणात मुलांचा कबड्डीचा संघ उभारावा, तो बाहेरच्या सामन्यांस पाठवावा आणि विजयी मुलांस रोख बक्षीस ठेवावे, अशी सूचना काही सभासद कुटुंबांकडून आली आहे. हेतू चांगला आहे. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसणारा मुलगा मैदानावर येईल, पंचाचा निर्णय मनाविरुद्ध गेला तरी मानावयास शिकेल, हे लाभ कोण नाकारील? मारुतीच्या देवळाजवळ तालीम असावी, ही तर आपली जुनीच रीत. परंतु मुलांचा खेळ थोरांनी हाती घेतला म्हणजे त्यातील न्यायाची जबाबदारी कोणाकडे जाते, याचा विचार आधी व्हावा असे आम्हांस वाटते.

पैनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, जत्रेच्या फडात पंच जोड लावतात तेव्हा दोघा मल्लांस समोरासमोर उभे करून अंगलट पाहतात. एक जण फारच भारी दिसला तर जोड मोडतात. न मोडली तर बघे ओरडून मोडावयास लावतात. हा विवेक कोणत्या पुस्तकातून आलेला नाही.

तो सुटला म्हणजे काय होते, ते कल्याण येथे 4 व 5 जानेवारी 2016 रोजी दिसले. भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडे याने नाबाद 1009 धावा काढल्या. रिक्षाचालकाच्या या मुलाने ए. ई. जे. कॉलिन्स याचा 1899 सालचा नाबाद 628 धावांचा विक्रम मोडला आणि देशभर कौतुक झाले. समोरचा संघ पहिल्या डावात अवघ्या 31 धावांत बाद झाला होता. तरीही यांचा डाव 3 बाद 1465 पर्यंत चालविला गेला. पुढे वर्तमानपत्रांत आले की, दहावीच्या अभ्यासामुळे मोठी मुले नव्हती, म्हणून त्या शाळेने लहान मुले उतरविली होती. प्रणवला आम्ही बोल लावीत नाही. फलंदाजाने चेंडू टोलवावा हेच त्याचे काम. डाव थांबविणे थोरांच्या हाती होते. चेंडू आणावयास धावणाऱ्या त्या पोरांची नावे कोणास ठाऊक आहेत? आणि प्रणवचे तरी काय झाले? मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्यास दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पण अपेक्षेप्रमाणे खेळ होईना, तेव्हा 2017 मध्ये वडिलांनीच ती थांबवावी असे कळविले. त्या दोन दिवसांचे ओझे त्याच्याही खांद्यावर पडले.

कोणी म्हणेल, जग कठोर आहे, मुलांनी हार पचवावयास शिकावे. खरे आहे, पण ज्या हारीत थोडीतरी झुंज होती तीच हार पचते. कबड्डीत समोरचा एक गडी टिपला की आपला एक बाद गडी जिवंत होतो. सारेच बाद झाले तर लोण चढते, समोरच्यांस दोन गुण जादा मिळतात, आणि पडलेला संघ पुन्हा पुरा उभा राहतो. खेळाच्या रचनेतच ही दया आहे. तरी बारा वर्षांच्या मुलांपुढे मिसरूड फुटलेले गडी उभे केले तर लोणावर लोण चढेल, दुसरे काय?

रोख बक्षिसाविषयी आमचा स्पष्ट विरोध आहे. पैसा व निवड यांच्या मोहाने मुलांची वये चोरली जातात. 16 वर्षांखालील क्रिकेटमध्ये तर वय ठरविण्यास हाडांचे एक्स-रे काढावे लागतात. खोटा दाखला काही मुलगा तयार करीत नाही. वजनाच्या नियमाचेही तेच. किशोर गटाच्या कबड्डीत वजन पाहतात ते जोड बरोबर लागावी म्हणून. पण त्यासाठी मुलास उपाशी ठेवणारे असतील तर तो नियमही उलटाच. वाढत्या वयात अशी उपासमार करविणे हे पाप होय, असे आम्ही म्हणतो.

संघ मात्र अवश्य व्हावा. सात गडी मैदानावर आणि पाच राखीव, अशी बारा मुले असतील, तर आलटून पालटून बाराही जणांस खेळावयास मिळावे, पुजाऱ्याचा मुलगा असो की देणगीदाराचा. अशाने बाहेरच्या सामन्यांत काही वेळा हार पदरी येईल. ती पालकांस सोसेल काय, हे पुढील सभेत आधी विचारून घ्यावे.