जिंकणारा आणि त्याची जोड



पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते आणि आपल्या मुरबाड तालुक्यात जत्रांचे दिवस सुरू होतात. जत्रेत मुले पाळण्याकडे धावतात, बायका बांगड्यांच्या दुकानाकडे. जिथे कुस्तीचा फड असतो, तिथे जुन्या माणसांचे पाय मात्र आपोआप फडाकडे वळतात. पंच दोन पोरांना समोरासमोर उभे करतात, नजरेनेच वजन-उंची मापतात आणि सांगतात, "जोड बरोबर आहे, लावा." पैलवानाच्या भाषेत समोरच्याला शत्रू म्हणत नाहीत, त्याला जोड म्हणतात. या शब्दावर आज थोडा विचार करू या.

प्रश्न साधा आहे, पण अवघड आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्यालाच हरवण्याची इच्छा धरणे योग्य आहे काय? शेजाऱ्यावर प्रेम करावे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग त्याच शेजाऱ्याच्या मुलापेक्षा आपल्या मुलाला दोन गुण जास्त मिळावेत असे वाटते तेव्हा आपले काही चुकते का?

७ जानेवारी २०२० ची गोष्ट. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती होती. १९६१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी एकमेकांना भिडतात आणि जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळते. त्या दिवशी एका बाजूला होता नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर. त्याचे मूळ गाव अकोले तालुक्यात, म्हणजे आपण माळशेजचा घाट चढून गेलो की हरिश्चंद्रगडाच्या त्या बाजूला. दुसऱ्या बाजूला होता लातूरचा शैलेश शेळके. दोघेही ऐन तारुण्यातले आणि दोघेही एकाच गुरूचे, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या काका पवारांचे शिष्य. एकाच तालमीत घाम गाळलेले, एकमेकांचे डाव पाठ असलेले.

अशी कुस्ती सोपी नसते. अनोळखी माणसाला फसवता येते, पण रोज ज्याच्याबरोबर सराव केला त्याला कसे फसवणार? कुस्ती अगदी अटीतटीची झाली. निकाल लागला ३-२, म्हणजे फरक अवघ्या एका गुणाचा. हर्षवर्धन महाराष्ट्र केसरी झाला. आणि मग त्याने काय केले? गदा हातात येण्याआधी त्याने हरलेल्या शैलेशला उचलून आपल्या खांद्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून लोकांनी पाहिले ते हेच दृश्य. हरलेला वर आणि जिंकलेला खाली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. मित्र समोर आहे म्हणून हर्षवर्धनने हात थोडा ढिला सोडला असता, तर ते प्रेम झाले असते काय? मुळीच नाही. तो शैलेशचा अपमान झाला असता. वर्षानुवर्षे पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या माणसाला खोटी कुस्ती देणे म्हणजे त्याच्या कष्टांना किंमत नाही असे सांगणे. पूर्ण ताकद लावणे हाच तिथे आदर आहे. शिवाय त्या दोघांना तिथवर आणले कोणी? एकमेकांनीच. तालमीत शैलेश नसता तर हर्षवर्धनचा तो एक गुण कुठून आला असता? आपली जोड आपल्याला घडवते. म्हणून जिंकण्याची इच्छा हे पाप नव्हे. पाप वेगळ्या ठिकाणी दबा धरून बसलेले असते.

ते कुठे बसते हे आपली मराठी भाषाच सांगते. एखादा मुलगा ईर्षेने अभ्यास करतो असे आपण कौतुकाने म्हणतो. पण मत्सराने अभ्यास करतो असे कौतुकाने कोणी म्हणत नाही. ईर्षा म्हणते, "त्याने केले, मीही करीन." मत्सर म्हणतो, "मला नाही, तर त्यालाही नको." संत थॉमस अक्वायनस यांनी मत्सराची ओळख दुसऱ्याच्या भल्याचे दुःख अशी करून दिली आहे. कुस्ती चालू असताना हे दोन्ही सारखेच दिसतात, दोघांच्याही अंगाला घाम असतो. खरी परीक्षा होते ती पंचांची शिट्टी वाजल्यानंतरच्या एका मिनिटात.

खेळात असा एक प्रसंग घडला की शिट्टी वाजूनही कोणीच हरले नाही. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत दरवर्षी नाताळानंतर चार डोंगरांवर उड्यांची स्पर्धा होते. खेळाडू पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट घसरत येतात आणि कड्यावरून हवेत झेप घेतात. किती दूर गेले याचे गुण मिळतात, किती डौलाने उतरले याचेही मिळतात. २००६ साली ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी, शेवटची उडी झाली. फिनलंडचा यान्ने आहोनेन आणि चेक देशाचा याकुब यांडा या दोघांच्या आठ उड्यांची बेरीज मांडली तर दोघांचेही गुण १०८१.५! अर्ध्या गुणाचाही फरक नाही. १९५३ पासून चाललेल्या त्या स्पर्धेत प्रथमच दोघांना विजेते घोषित करण्यात आले.

गोष्ट गोड आहे. पण बंधुभगिनींनो, आपल्या आयुष्यात बेरीज अशी क्वचितच जुळते. बहुतेक वेळा कोणीतरी एक गुणाने मागे राहतो. आणि म्हणून मला त्या बालेवाडीच्या दृश्यात खांदा देणाऱ्यापेक्षा खांद्यावर बसणाऱ्याचा विचार अधिक करावासा वाटतो.

जिंकल्यावर मोठे मन दाखवणे तसे सोपे असते. मनात आनंद मावत नसतो, त्यातला थोडा दुसऱ्यालाही देता येतो. पण एका गुणाने हरल्यावर, हजारो लोकांसमोर, ज्याने हरवले त्याच्याच खांद्यावर बसायचे? शैलेशने हात झटकला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने झटकला नाही. दुसऱ्याच्या आनंदात स्वतःला उचलू दिले. मला वाटते, त्या दिवशीचा अवघड डाव हाच होता, आणि तो हरलेल्याने जिंकला.

हे नेहमी जमत नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच स्पर्धेत २०२५ साली अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून मोठा वाद झाला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. आपण लांबून त्यांना नावे ठेवू नयेत. निर्णय चुकला आहे असे मनापासून वाटत असताना शांत राहणे किती कठीण असते, हे शेताच्या बांधावरून भांडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अन्याय वाटला तर दाद जरूर मागावी. पण दाद मागणे वेगळे आणि हात उगारणे वेगळे.

आता कोणी म्हणेल, कुस्तीचे ठीक आहे, तिथे गदा जाते, भाकरी जात नाही. हे म्हणणे खरे आहे. पहाटे आपल्या हमरस्त्याच्या कडेने पळणारी मुले-मुली आपण पाहतो. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुले १६०० मीटर, मुली ८०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळाफेक, मग १०० गुणांची लेखी परीक्षा. एकाच पाड्यावरचे दोन मित्र अंधारात एकमेकांना हाक मारून उठवतात, बरोबर पळतात, घड्याळ एकच असते ते दोघे मिळून वापरतात. यादी लागते तेव्हा एक आत आणि एक बाहेर, फरक एका गुणाचा. आत गेलेल्याच्या घरी पेढे, बाहेर राहिलेला पुन्हा वीटभट्टीवर किंवा भाताच्या खाचरात. इथे नुसते खांद्यावर घेऊन नाचणे पुरत नाही. ते कोरडे ठरेल.

मग इथे खांदा देणे म्हणजे काय? माझ्या मते, जिंकलेल्याने परत येणे. सुट्टीवर आल्यावर त्या मित्राला पुन्हा पहाटे हाक मारणे, त्याच्याबरोबर पळणे, आपली पुस्तके त्याला देणे, अर्जाच्या फीला हातभार लावणे. कारण आपल्या यशात त्याच्या धावण्याचा वाटा आहे, ते आपल्यावरचे ऋण आहे. आणि बाहेर राहिलेल्याने काय करावे? दार लावून घेऊ नये. हाक आली तर ओ द्यावी. डोळ्यांत पाणी असेल तर असू द्यावे, रडणे म्हणजे मत्सर नव्हे.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाच्या झोंबीची गोष्ट आहे. रात्रभर तो झुंजतो, मांडीचा सांधा निखळतो, तरी पहाटे आशीर्वाद घेतल्याशिवाय समोरच्याला सोडत नाही. तो लंगडत घरी जातो, पण रिकाम्या हाताने जात नाही. ज्याच्याशी झुंजलो त्याच्याकडूनच आशीर्वाद मिळू शकतो, हे त्या जुन्या गोष्टीने केव्हाच सांगून ठेवले आहे.

आईवडिलांना एक विनंती. मुलगा निकाल घेऊन घरी आला की आपला पहिला प्रश्न असतो, "त्याला किती मिळाले?" प्रश्न वाईट नाही. पण त्याच्या मागोमाग दुसराही विचारावा, "त्याला भेटलास का? काय म्हणाला?" एवढ्या एका प्रश्नाने मुलाला कळेल की समोरचा त्याचा वैरी नाही, त्याची जोड आहे.