हावभावांचे साचे

बालकांच्या ॲनिमेशनपटांतील स्त्री-पुरुषांच्या ठरीव प्रतिमांविषयीचा विचार ज्या क्रमाने वाढला, तो पाहता असे दिसते की, ‘मुलगी काय करते’ हा प्रश्न आधी विचारला गेला आणि ‘कोणाला हसायचे’ हा प्रश्न फार उशिरा, तोही अर्धवटच, पुढे आला.

पहिला प्रश्न लिंगभावाचा होता. लिंगभाव म्हणजे शरीराने नव्हे, तर समाजाने शिकवलेल्या वागणुकीने घडणारे स्त्रीत्व-पुरुषत्व. 1937 च्या ‘स्नो व्हाइट’मधील नायिका बुटक्यांचे घर झाडते आणि राजपुत्राच्या चुंबनाने जागी होते, याकडे स्त्रीवादी समीक्षेने बोट ठेवले आणि 1998 च्या ‘मुलान’मध्ये नायिका पुरुषवेशात सैन्यात दाखल झाली. मराठीला मात्र ही दृष्टी बाहेरून घेण्याची गरज नव्हती, कारण स्त्रीवर लादलेले दोष पुरुषात का मोजले जात नाहीत, असे ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्येच ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात खडसावून विचारले होते. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ या 1974 च्या लघुपटात एकीचा अर्थ समजावून सांगते ती ताई. पुढे राम मोहन यांनी युनिसेफसाठी साकारलेल्या ॲनिमेशन मालिकेतील मीना ही मुलगी भावाइतकेच अन्न आणि शाळा यांवर हक्क सांगते. असे असूनही 2008 पासून घरोघरी पोहोचलेल्या ‘छोटा भीम’मध्ये पराक्रम भीमाचा राहिला आणि त्याला लाडू आणून देण्याचे काम चुटकीकडे आले, ही माघारच म्हटली पाहिजे.

दुसरा प्रश्न लैंगिकतेचा, म्हणजे कोणाला कोणाविषयी ओढ वाटते याचा, आणि तो हावभावांत दडलेला असल्यामुळे सहज दिसत नाही. अमेरिकेत 1934 पासून कठोरपणे लागू झालेल्या चित्रपट-संहितेने समलैंगिकतेचा उल्लेखच निषिद्ध ठरवला. तेव्हा असे पात्र नावाने नाहीसे झाले, पण लचक, नटवेपणा आणि नाजूक आवाज या खुणांनी विदूषकात किंवा खलनायकात उरले. व्हीटो रूसो यांनी 1981 मध्ये ‘द सेल्युलॉइड क्लोझेट’ या ग्रंथात हा इतिहास मांडला. त्यानंतरही 1989 च्या ‘द लिटल मर्मेड’मधील दुष्ट अर्सुलाचे रूप डिव्हाइन या स्त्रीवेशधारी कलावंतावरून घेतले गेले, आणि 1994 च्या ‘द लायन किंग’मधील स्कारची नजाकत त्याच्या कपटाचीच खूण ठरली.

या प्रश्नाची सामग्री मराठी समाजाच्या अगदी दारात होती. जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीजवळचे नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे माहेरघर मानले जाते, आणि यात्रेतला तमाशा पाहतच या भागातील पिढ्या वाढल्या. गवळणीतील मावशी पुरुष साकारतो, आणि नाच्याच्या बायकी लकबींवर हशा पिकतो; ही भूमिका करणाऱ्या माणसाच्या वाट्याला व्यवहारातही जी अवहेलना येते, ती 2010 मध्ये ‘नटरंग’ या चित्रपटाने दाखवली. याच महाराष्ट्रात संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे अनुकरण केले. दोन्हीकडे पुरुषच स्त्रीसारखा वावरत होता. मात्र एकीकडे शालू आणि नाट्यपदे होती, तर दुसरीकडे ढोलकी आणि हलक्या मानलेल्या जातींतले कलावंत होते, आणि आदर कोठे व टवाळी कोठे, हे त्यावरून ठरले. हावभाव मुळात हास्यास्पद नसतो, त्याला तसे ठरवले जाते, ही गोष्ट या तुलनेइतकी स्पष्ट क्वचितच कोठे दिसते. तरीही बालचित्रपटांच्या मराठी चर्चेत तिला अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही.

बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे वडील दाखवले. या चित्राचे महत्त्व कामाच्या वाटणीपुरते नाही. तेथे वडील घरकाम करूनही हास्याचा विषय झालेले नाहीत, ही त्यातील अधिक मोठी गोष्ट आहे. ॲनिमेशनपटाला मराठी आवाज देताना खलपुरुषाच्या तोंडी किती मुरका घालायचा, हे ठरवणाऱ्यांपुढे ‘कोणाला हसायचे’ हाच प्रश्न उभा असतो, आणि त्यांनी दिलेले उत्तर पिंपळवंडीसारख्या गावातील मऊ बोलण्या-चालण्याच्या मुलाला शाळेच्या पटांगणावर सोबत्यांच्या तोंडून ऐकावे लागते.